दुसरे दार : कमला मिलच्या गच्चीवरचा घटनाक्रम

१ एप्रिल २०१७

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने आणि परमिट रूम बंद झाली. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर होते. वाशिममधून अकोला-हिंगोली रस्ता जातो. राज्यात इतरत्र झाले तसे इथेही शटर खाली आले. पुढचे काही महिने टेप घेऊन मोजणी चालली. सरळ रेघ धरायची की चालण्याची वाट, फाटक मागच्या गल्लीत नेले तर चालेल का, यावर वाद झडले. केरळात एका बारने तर दारापुढे वळणावळणाची भिंत घालून चालण्याचे अंतर वाढवून दाखवले. ११ जुलैला न्यायालयाने स्पष्ट केले की पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही. शटर हळूहळू वर गेले.

त्या वर्षी बारचे दार मोजले गेले ते रस्त्यापासून किती लांब आहे, एवढ्यापुरते. आत बसलेल्या माणसाला बाहेर पडायला किती दारे आहेत, हे त्या टेपचे काम नव्हते.

२९ सप्टेंबर २०१७, सकाळी साडेदहाच्या सुमारास

मुंबईत पावसाची सर आली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर माणसे आडोशाला थांबली. मागून लोकल येत राहिल्या, गर्दी वाढत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पूल अरुंद आहे, ही तक्रार जुनी होती.

तिथून लोअर परळचे, सेनापती बापट मार्गावरचे कमला मिल कंपाउंड पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बरोबर तीन महिन्यांनी, याच तारखेला, त्या कंपाउंडमध्ये पंचनामा सुरू होणार होता.

हा सगळा पट्टा गिरणगावचा. भोंग्यावर दिवस सुरू होई आणि भोंग्यावर संपे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंड पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली होती : एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. मग जुन्या शेडच्या जागी काचेची कार्यालये आली आणि कार्यालयांच्या पगारावर चालणारे बार आले. कमला मिलच्या आवारात वृत्तवाहिन्यांची कार्यालयेही होती. पुढे काय झाले याची बातमी देणारे कॅमेरे शेजारच्याच इमारतीत होते, हे लक्षात ठेवावे.

१ नोव्हेंबर २०१७

मुंबई महापालिका आयुक्तांनी आपल्या अधिकारात गच्चीवरील उपाहारगृहांचे धोरण मंजूर केले. नगरसेवकांत त्यावर बरीच वर्षे वाद होता. गच्ची उघडी राहावी, तिच्यावर छप्पर घालू नये, तिथे विस्तव पेटू नये, असा त्या धोरणाचा रोख होता.

गच्चीवरचे बार त्याआधीपासून चालू होते. कमला मिलमधल्या ट्रेड हाऊस या इमारतीच्या वरच्या भागात दोन होते, एकमेकांना लागून : ‘वन अबव्ह’ आणि ‘मोजोज बिस्ट्रो’. बेकायदा बांधकामाबद्दल वन अबव्हवर त्याच वर्षी पालिकेची कारवाई झाली होती. पथक यायचे, काढायचे, जायचे. नंतर छप्पर पुन्हा चढायचे. कंपाउंडमधल्या बेकायदा बांधकामांची लेखी तक्रारही एका कार्यकर्त्याने केली होती. त्यात काही गैर आढळले नाही, असे उत्तर त्याला मिळाले होते.

१८ डिसेंबर २०१७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली. कामगार आतच झोपले होते. आग दाराच्या बाजूला, माणसे पोटमाळ्यावर. १२ जण मेले.

पालिकेने नेहमीप्रमाणे तपासणीचे आदेश काढले. गाळे, गोदामे, पोटमाळे यांची चर्चा झाली. फरसाणच्या गाळ्यावर झोपणारा परप्रांतीय कामगार आणि लोअर परळच्या गच्चीवर टेबल राखून बसणारा गिऱ्हाईक यांचा धोका एकच आहे, असे त्या आठवड्यात कोणाला वाटले असल्याचे दिसत नाही. दोन्हीकडे वर चढायला वाट होती. उतरायच्या वाटेत काहीतरी होते.

यानंतर उरले अकरा दिवस.

१९ डिसेंबर २०१७

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला. दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवता येतील, असे सांगण्यात आले. परमिट रूम, बार आणि हुक्का पार्लर यांना ही मुभा नव्हती. मुंबईत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंतच राहिली. ३१ तारखेच्या रात्री ती पहाटे पाचपर्यंत वाढे. सगळ्या बारमालकांचे डोळे त्या एका रात्रीकडे होते.

२२ डिसेंबर २०१७

मोजोज बिस्ट्रोला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळाला. जागेची नीट पाहणी न करताच तो दिला, या आरोपावरून संबंधित अधिकाऱ्याला पुढच्या महिन्यात अटक झाली.

दाखला कागदावर असतो आणि कागद फायलीत असतो. पोलीस आले, उत्पादन शुल्कवाले आले, वॉर्ड ऑफिसचा माणूस आला, तर फाईल पुढे करायची. एका परमिट रूमला राज्यात किती खात्यांचे कागद लागतात हे वाशिमच्या पाटणी चौकातला बारवालाही बोटांवर मोजून सांगेल : दारूचा एफएल-३ परवाना, खाद्यपदार्थांचा, आरोग्य खात्याचा, अग्निशमनाचा. प्रत्येक खाते आपापल्या कागदापुरते पाहते. सगळे कागद एकत्र ठेवून जिन्याशी जाऊन उभे राहणारे खाते नाही.

मोजोजच्या दाखल्याला एक आठवडा पूर्ण व्हायच्या आत त्याचा उपयोग संपला.

२८ डिसेंबर २०१७, गुरुवार. सायंकाळी ६.०९

सूर्यास्त. मुंबईत डिसेंबर हाच गच्चीवर बसण्याचा महिना. उकाडा नाही, पाऊस नाही. खाली कार्यालये सुटत होती. नाताळ होऊन गेलेला, वर्ष संपायला तीन दिवस, बरेच जण रजेवर. परदेशातून सुटीवर आलेले नातेवाईक याच आठवड्यात भेटतात आणि त्यांना कुठेतरी ‘चांगल्या ठिकाणी’ न्यायचे असते.

चांगले ठिकाण म्हणजे काय, हे ठरलेले आहे. उंची, उजेड कमी, गाणी मोठी, समोर शहराचे दिवे. व्हिस्कीची यादी दोन पानांची आणि पेगचा भाव गावाकडच्या परमिट रूममधल्या आख्ख्या बाटलीच्या भावाशी भिडणारा. अशा जागेहून नाराज होऊन परतणाऱ्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. पेग आखूड भरला, बर्फच जास्त होता, सेवा संथ होती, सर्व्हिस चार्ज न विचारता लावला, टेबल कोपऱ्यात दिले. आपत्कालीन दारापुढे सामान रचले होते, अशी तक्रार मी कधी वाचलेली नाही. माणूस त्या जागेत ज्याचे पैसे मोजतो त्यात दार धरलेले नसते. ते असणारच, असे तो गृहीत धरतो.

रात्री ८ ते १०

गच्चीवर बांबू, ताडपत्री, कापडी पडदे आणि सजावट होती. उघड्या गच्चीला यामुळे छप्पर मिळे आणि छपरामुळे वर्षभर धंदा करता येई. पावसाळ्यातली ताडपत्री हिवाळ्यात काढायची राहून गेली की काढायचीच नव्हती, याने पुढच्या घटनेत फरक पडत नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत हे सगळे वाळलेले होते.

वन अबव्हला आपत्कालीन दार होते. त्या वाटेत सामान साठवलेले होते, असे नंतरच्या तपासात पुढे आले.

हे सामान कोणी, केव्हा ठेवले याला तारीख नाही. असे काम एका दिवसात होत नाही. एकदा दोन क्रेट ठेवले जातात. आठवडाभर कोणी बोलत नाही. मग ती क्रेटची जागा होते. नंतर तिथे दार आहे हे नव्या वेटरला कोणी सांगतही नाही.

रात्री १० ते १२

दोन्ही ठिकाणी गर्दी. दोन्ही ठिकाणी हुक्का दिला जात होता. त्याची परवानगी नव्हती, असे पालिकेच्या चौकशीने पुढे म्हटले.

हुक्क्याला निखारे लागतात. टेबलावरच्या चिलमीतला कोळसा राख होत आला की नवा द्यायचा. त्यामुळे मागे कुठेतरी शेगडी सतत पेटती ठेवावी लागते. कोळसा लाल राहावा म्हणून त्याला वारा घालतात. वारा घातला की ठिणग्या उडतात. स्वयंपाकघराला आगीचे नियम असतात, चिमणी असते, भिंत असते. ही शेगडी मात्र पडद्यांच्या शेजारी होती.

ज्यांना त्या रात्री टेबल मिळाले नाही आणि जे चडफडत दुसरीकडे गेले, त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नाही. साडेबाराच्या आत जे कंटाळून, बिलावरून हुज्जत घालून उठले असतील, त्यांचीही नाही.

२९ डिसेंबर २०१७, शुक्रवार. रात्री १२.००

तारीख बदलली. वन अबव्हमध्ये वाढदिवसाचा केक कापला गेला. मोबाइलवर घेतलेली त्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी देशभर दाखवली गेली. तीत मागे छप्पर दिसते, टेबले दिसतात, हसणारी माणसे दिसतात.

बंद व्हायला दीड तास होता.

१२.१५ ते १२.३०

अग्निशमन दलाच्या अहवालानुसार सुरुवात मोजोजमध्ये झाली. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेली ठिणगी पडद्यावर गेली. पडद्याने पेट घेतला आणि आग छताकडे चढली. दोन बार एकमेकांना लागून होते, छपराचे साहित्य सारखेच होते. आग शेजारी गेली. वन अबव्हमध्ये ती डोक्यावरून पसरली.

छप्पर पेटते तेव्हा आग माणसाच्या आधी दारापर्यंत पोहोचते. वितळलेले प्लास्टिक खाली गळू लागते. धूर आधी वर साठतो, मग भराभर खाली उतरतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये फेब्रुवारी २००३ ला ‘द स्टेशन’ नावाच्या क्लबला आग लागली, तेव्हा आतला एक कॅमेरा चालू होता. त्या चित्रणामुळे पुढे सेकंदासेकंदाचा अभ्यास झाला. भिंतीवरचा फेस पेटल्यापासून दीड मिनिटाच्या आसपास आतली हवा जगण्याजोगी राहिली नव्हती. तिथे १०० माणसे मेली. इतर दारे असूनही बहुतेक जण ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले.

तो अभ्यास २००५ मध्ये जाहीर झाला. तो परवाने देणाऱ्या प्रत्येकाला वाचता येण्याजोगा होता.

१२.३० च्या सुमारास

अग्निशमन दलाला वर्दी मिळाली. लोअर परळला बंब पोहोचायला वेळ लागत नाही. भायखळ्याचे मुख्यालय जवळ आहे. पण वर्दी खालून जाते आणि आग वर असते.

मोजोजमधले गिऱ्हाईक बाहेर पडू शकले. वन अबव्हमधले अनेक जण जिन्याने उतरले. ट्रेड हाऊसच्या एका सुरक्षारक्षकाने अंधारात लोकांना वाट दाखवत मोठ्या संख्येने खाली काढले. तो त्या बारचा नोकर नव्हता. बारच्या व्यवस्थापनातल्या माणसांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढायचे सोडून आधी स्वतः पळ काढला, असा आरोप पोलिसांनी ठेवला.

आता वर उरलेल्यांपुढे दोन वाटा होत्या. आलेल्या बाजूला आग होती. दुसरे दार कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी त्या वाटेत सामान होते.

तिसरी जागा दिसत होती. तिथे पाटी होती, लाद्या होत्या, नळ होता, आतून लावता येणारे दार होते.

१२.३५ नंतर

माणसे स्वच्छतागृहात गेली.

हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. आगीत पाण्याकडे जावे, दार लावून घ्यावे, मदत येईपर्यंत थांबावे, असेच कोणालाही सुचेल. पण धुराला दाराखालची फट पुरते. जळणाऱ्या कापड-प्लास्टिकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याला वास नाही. भोवळ येते, पाय उचलत नाहीत, नंतर शुद्ध जाते. अशा दाट धुरात हे काही मिनिटांत होते. बाहेर जायची खिडकी किंवा दुसरी वाट नसलेली खोली धुरात सर्वांत वाईट.

हेही नवे नव्हते. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात ‘किस’ नाइट क्लबला आग लागली. २४२ जण गेले. त्यांतले बहुतेक मृतदेह स्वच्छतागृहांत सापडले. तिकडे बाहेरची वाट आहे असे लोकांना वाटले होते.

खाली आवारात वृत्तवाहिन्यांची कार्यालये रिकामी केली जात होती. काही पत्रकार रस्त्यावरून आपल्याच आवाराची बातमी देत होते.

१.३०

परमिट रूम बंद करण्याची वेळ झाली.

पहाट

आग आटोक्यात आली. जवानांना मृतदेह मुख्यतः वन अबव्हच्या स्वच्छतागृहात आणि त्याच्या आसपास सापडले. १४ जण : ११ स्त्रिया, ३ पुरुष. पन्नासहून अधिक जखमी. मृतदेह केईएम रुग्णालयात नेण्यात आले. मृत्यूचे कारण गुदमरणे, असे शवविच्छेदनात आढळले.

सूर्योदय ७.११ ला झाला. कंपाउंडच्या फाटकावर कार्यालयात जाणाऱ्यांची आणि कॅमेऱ्यांची गर्दी एकाच वेळी जमली.

२९ डिसेंबर, दिवसभर

ना. म. जोशी मार्ग पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. पालिकेने पाच अधिकारी निलंबित केले. दोन्ही बारकडून आमचे सर्व परवाने आहेत, नियम पाळले होते, अशा अर्थाची निवेदने आली. परवान्यांबाबत ती बरीचशी खरीही असावीत. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे. चोरून चालणाऱ्या गुत्त्यात लोक मेले असते तर गुत्ते बंद करा म्हणता आले असते. ही जागा सर्वांना माहीत होती. तिची जाहिरात होती, तिथे ना-हरकत दाखले पोहोचले होते, पालिकेचे पथक येऊन गेले होते. तिच्यात काय आहे हे न पाहण्यासाठी बरेच लोक लागले.

३० डिसेंबर

पालिकेने शहरात ३१४ ठिकाणची बेकायदा बांधकामे पाडल्याचे जाहीर केले. ही ३१४ ठिकाणे एका रात्रीत उगवलेली नव्हती. आदल्या आठवड्यात ती तिथेच होती आणि त्यांचे पत्ते वॉर्ड ऑफिसांकडे होते.

जानेवारी २०१८ आणि पुढे

दोन्ही बारच्या मालक-चालकांना अटक झाली; काही जण आधी फरार होते आणि त्यांच्या माहितीसाठी पोलिसांनी बक्षीस लावले होते. कमला मिलच्या मालकांवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती अ. वि. सावंत यांची समिती नेमली. समितीच्या अहवालात ठपका एकट्या बारमालकांवर राहिला नाही, परवाने देणाऱ्या यंत्रणेपर्यंत गेला. राज्याने २०१८ मध्येच हुक्का पार्लरवर बंदी आणली. आरोपींना टप्प्याटप्प्याने जामीन मिळाला.

एल्फिन्स्टन रोडला लष्कराने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला.

१ जुलै २०२३, रात्री दीडच्या सुमारास

वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, जिल्ह्याची हद्द ओलांडल्यानंतर, बुलढाण्यातल्या सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. ती डाव्या कुशीवर पडली. दार डावीकडे होते. बस पेटली. २५ जण गेले. काही जण काच फोडून बाहेर आले म्हणून वाचले.

ही आग बारमधली नव्हती, पण या घटनाक्रमात ती बसते. त्या बसमध्येही नियमाप्रमाणे दुसरी वाट असायला हवी होती आणि ती कशी उघडायची हे प्रवाशांना सुटण्याआधी सांगायला हवे होते. आपल्याकडे बस सुटताना पाण्याची बाटली देतात, ब्लँकेट देतात. हे सांगत नाहीत.

६ डिसेंबर २०२५, मध्यरात्रीच्या आधी

गोव्यात हडफडे इथल्या एका नाइट क्लबला आग लागली. आत आतषबाजी, वर चटकन पेटणारे छत. २५ जण मेले. त्यांतले बहुतेक तिथे काम करणारे होते आणि खालच्या मजल्यावर स्वयंपाकघराकडे अडकले. वाट इतकी अरुंद की बंबांना लांब उभे राहावे लागले. मालक काही तासांत विमानाने देशाबाहेर गेले. पुढे त्यांना थायलंडहून परत आणले गेले.

कमला मिलला तोवर आठ वर्षे होत आली होती.

आज, तुमच्या गावात

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मुंबईपुरता नाही. तो वाशिम, कारंजा, रिसोड आणि मंगरुळपीर या नगर परिषदांच्या हद्दीतही लागू आहे. या कायद्याप्रमाणे हॉटेल, लॉज, मंगल कार्यालय, रुग्णालय अशा जागांच्या मालकाने परवानाधारक एजन्सीकडून आपली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. त्याला नमुना ‘ब’ म्हणतात. तो वर्षातून दोनदा द्यायचा, जानेवारीत आणि जुलैत.

आपल्याकडेही आता गच्चीवर बसायची सोय होऊ लागली आहे. वर हिरवे कापड, बाजूला बांबू, दिव्यांच्या माळा, शनिवारी गर्दी. जागा छान असतात आणि त्या असाव्यात. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी कॅप्टनला दोन गोष्टी विचारा : यंदाचा नमुना ‘ब’ कुठे आहे, आणि खाली जायची दुसरी वाट कोणती. त्या वाटेने उठून एकदा चालत जा. दार कुलूपबंद असेल किंवा त्यापुढे क्रेट रचलेले असतील, तर बसू नका. आणि नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना तसे लेखी कळवा, तारीख घालून, पोच घेऊन.